सातपदरी वेणी

ही २०५८ सालची गोष्ट. पगाराच्या स्लिपा तेव्हा बंद झाल्या होत्या. गावच्या पतसंस्थेचं क्रेडिट कार्ड हवं असेल, तर काचेच्या पाटीवर हात ठेवायचा. हातावरचे घट्टे वाचून पाटी कमाई सांगायची.

स्नेहलमावशी तीस वर्षं घरी बसून कोल्हापुरी चपलांसाठी चामड्याच्या वेण्या घालत होती. पण चपला खपायच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने. कार्ड मिळालं, तर चामडं आपलं आणून आपल्या नावाने विकता येणार होतं.

मावशीने पतसंस्थेत जाऊन पाटीवर हात ठेवले. पाटी म्हणाली, "कमाई शून्य."

खिडकीत कामाला बसणाऱ्या अन्वीने मावशीचे तळवे पाहिले. "मावशी, हात घासून आलासा व्हय?"

"आठवडाभर सुनेनं दगडानं घासलं, वर क्रीम चोपडलं. हापिसात कातड्याचा वास मारत यायचं व्हय?" मावशी म्हणाली.

पाटीला हातांची चालही वाचता येते, हे अन्वीला ठाऊक होतं. पण चामडं कुठून आणायचं? तिने आपले केस सोडले आणि पाटीवर डोकं टेकवलं.

"घाला वेणी. ओढू नका तेवढं!"

"गप बस. सैल वेणी मला येत न्हाई."

सातपदरी वेणी निम्मी झाली, तोच पाटी बोलली, "तीस वर्षांचं काम. कमाई नियमित. कार्ड मंजूर."

"थांब गं जरा," मावशी पाटीला म्हणाली, "पुरी झाल्यावर दे!"

अन्वी पुढे संस्थेची अध्यक्ष झाली. सुनेने कोल्हापुरात दुकान थाटलं; तो व्यापारी आता तिथूनच माल नेतो. मावशी ऐंशी वर्षांची होईपर्यंत काम करत राहिली, आणि तिच्या प्रत्येक चपलेवर बारीक अक्षरांत नाव असायचं: स्नेहल.