दुखरा खांदा

तीन तासांची झुंज तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नऊ-सात अशी हातातून निसटली. हात मिळवायला ती नेटजवळ गेली, तर तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेली विजेती तिच्या गळ्यातच पडली.

"ताई, खांद्याला जपा हं."

ती चपापली. खांद्याचं दुखणं तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते फक्त दादाला ठाऊक होतं. सख्खा भाऊ, आणि लहानपणापासून तिचा कोचही तोच. सकाळी पट्टी बांधताना त्यानेच बजावलं होतं, "कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही."

म्हणून समोरून प्रत्येक बॉल खांद्याच्या वर येत होता तर!

"तुला कुणी सांगितलं?"

पोरगी गोंधळली.



"दादांनीच. पुढच्या महिन्यापासून ते मला शिकवणार आहेत ना... तुम्हाला बोलले नाहीत?"