पाय लागला

ऑपरेशनच्या टेबलावर सुकदेवचं कमरेखालचं अंग पार बधीर झालं होतं आणि वरच्या अंगात सगळी लाज गोळा झाली होती.

मसाटच्या प्लास्टिक कारखान्यात घसरून पडल्यापासून त्याचा घोटा उभ्या उभ्या अडकायचा. पाळीभर उभं राहता येत नसेल तर गावी जा, असं सुपरवायझरने तोंडावर सांगितलं होतं. शेवटी टोकरखाड्याच्या दवाखान्यात, मुंबईहून आलेल्या डॉक्टर रमाकांतांनी दोन बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून सांध्यातला हाडाचा सुटा तुकडा काढायचं ठरवलं.

पण घोट्याचा सांधा चिंचोळा, ताणल्याशिवाय उघडत नाही. डॉक्टरांनी सुकदेवच्या पावलाला पट्टा अडकवला, त्याचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि रस्सीखेचीतल्या शेवटच्या गड्यासारखे मागे रेलले. जरा पुढे आले की सुकदेवचा तळवा त्यांच्या पोटाला टेकायचा.

"साहेब, पाय लागून राहिला तुम्हाले."

"लागू दे."

हात जोडावेत तर एका हाताला सलाईन. पाय मागे घ्यावा तर पाय आपला आहे हेच कळेना.

शेजारच्या टीव्हीवर त्याच्या घोट्याचं आतलं दिसत होतं. पांढरा तुकडा चिमट्यात यायचा आणि मासोळीसारखा सटकायचा. "अजून ताण हवा," म्हणत डॉक्टर आणखी रेलायचे. अखेर तुकडा बाहेर आला. सुकदेवला हसू फुटलं. डॉक्टर मात्र सरळ होताना कण्हले.

दुसऱ्या दिवशी ते कमरेवर हात ठेवून, वाकडे चालत वॉर्डात आले. सुकदेवचं पाऊल हलक्या हाताने वरखाली करून पाहिलं.

"सुटलाय घोटा. थोडे दिवस जप, मग खुशाल मशीनवर उभा राहा."

सुकदेवचे डोळे भरून आले. "साहेब, तुमची कंबर माझ्या पायानंच गेली ना?"

"गेली खरी," डॉक्टर हसून म्हणाले.

उशाशी बसलेली त्याची बायको सरुबाई हे ऐकून गार पडली. तिच्या समजुतीप्रमाणे नवरा काल पूर्ण गुंगीत होता. ती पदर सावरत उठली आणि डॉक्टरांपुढे हात जोडून उभी राहिली.

"मनावर घेऊ नका साहेब. झोपेत मलेबी लाथा मारतात हे."