दाढीचा आरसा

"मनुष्यजातीची सगळी प्रगती 'प' या अक्षरावर उभी आहे," असं मी घरात जाहीर केलं. सूनबाईने पपई पुढे ठेवली. "आप्पा, बोलता बोलता हिच्या बियाही काढा."

माझ्या नातीचा, जुईचा टाळू जन्मतः दुभंगलेला. ऑपरेशनने तो शिवला, पण हवा जुन्या सवयीने नाकातूनच निसटायची आणि 'प' ओठांवर येऊन विरून जायचा. बालवाडीत मुलं हसली, तेव्हापासून तिने हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की येऊन बाही ओढायची. माझ्या सगळ्या सदऱ्यांची डावी बाही लांब झाली, 'आप्पा' मात्र कानावर पडलं नाही.

स्पीच थेरपीच्या बाईंनी अभ्यास दिला. नाकाखाली आरसा धरून 'प' म्हणायचं, आरशावर वाफ यायला नको. माझा दाढीचा आरसा जुईकडे गेला. सवयीच्या आरशाशिवाय मला दाढी जमत नाही, त्यामुळे ती वाढत राहिली.

आज सकाळी गॅलरीत पेपर वाचत होतो. आतून स्वच्छ हाक आली, "आप्पा!"

मी हललो नाही. पुन्हा आली, आणखी मोठ्याने.

"आप्पा, ऐकू येत नाही का?" सूनबाई ओरडली.

"येतंय गं. म्हणून तर गप्प बसलोय."

शेवटी जुईच बाहेर आली. बाहीला हात न लावता तिने आरसा माझ्या तोंडासमोर धरला. तो माझ्याच श्वासाने धुरकटला.

"आप्पा, दाढी करा ना. पापी घेता तेव्हा टोचते."