सातवी खेप

डब्याचं झाकण उघडताच धर्मेंद्रने कपाळावर हात मारून घेतला. काही दाणे कोळसा, काही अजून पिवळट. सातवी खेप, आणि पुन्हा तेच!

त्याने दाणे चाळणीत ओतले, वर पंखा सुरू केला आणि मागच्या पडवीतल्या स्टुलावर मटकन बसला. हाताने फिरवायचा हा जाळीचा डबा त्याने खास करवून घेतला होता. गोंदियाच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस. कॉफी भाजायची तीही वहीत आलेख काढून. कितव्या मिनिटाला आच किती, दाणे तडकायला कधी लागले, सगळं लिहिलेलं. रीत बरोबर, उत्तर मात्र दर वेळी चूक.

"अजी, धुरानं वाळत घातलेल्या कपड्याईले वास येऊन राहिला," डिंपल दारातून म्हणाली. "लोकांसारखा चहा पेत जा ना."

"तुले नाही समजत त्यातलं."

"मले एवढं समजते का अकरा वाजता चंद्रकुमारभाऊ येऊन राहिले. त्याईले काय पाजान?"

बायकोने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. चंद्रकुमार त्याचा शाळासोबती. नागझिऱ्याच्या गेटाजवळ त्याने सहा खोल्यांचं विश्रामगृह काढलं होतं. सकाळी जंगल फिरून आलेल्या शहरी पाहुण्यांना कॉफी लागायची, तीही अस्सल. दिवाळीच्या सुटीत धर्मेंद्रने कर्नाटकातल्या कोडगूच्या एका मळेवाल्याकडून नमुन्याचं अर्ध्या किलोचं पाकीट मागवलं, स्वतः फोडलं आणि त्याच दिवशी भाजलं. चंद्रकुमारने घोट घेतला आणि डोळेच मिटले.

"धर्म्या, दर महिन्याले असेच दाणे दे. पाटीवर तुह्यं नाव टाकतो!"

अठरा वर्षांच्या नोकरीत धर्मेंद्रचं नाव फळ्यावर लागायचं ते गैरहजर मास्तरांचे तास कोण घेणार त्या यादीत. त्यामुळे त्या पाटीने त्याला पछाडलं होतं. पण त्या पहिल्या पाकिटासारखी चव पुन्हा म्हणून आली नाही. चंद्रकुमारने सहा वेळा सांभाळून घेतलं. आजची शेवटची संधी होती.

दोष कुठे आहे हे धर्मेंद्रला आता पुरतं कळलं होतं. मळेवाला चोर होता. नमुना झकास द्यायचा आणि गिऱ्हाईक गळाला लागलं की गाळ पाठवायचा! पार्सल यायचं दुपारी, तो शाळेत असताना. संध्याकाळपर्यंत आई, यशोदाबाई, ते उघडून, पाखडून, निवडून डब्यात भरून ठेवायची. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय या घरात धान्याचा दाणा चुलीवर चढत नसे. त्याच्या या नादाची विचारपूस करणारीही ती एकटीच. हे कुठे येतं, कसं येतं, पाणी किती लागतं, असं विचारत बसायची. आईने निवडूनही दाणे असे फुटके, चिमलेले निघत. मग मूळ माल काय लायकीचा असेल! विचार केला तरी धर्मेंद्रचं डोकं तापायचं.

चंद्रकुमार अकराला आला. दोन घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला.

"जळकी लागते, अन् कच्ची बी लागते. राग नको मानू, धर्म्या. पाहुण्याईसमोर हे नाही ठेवता येत. उद्यापासून नागपूरची पूड लावून राहिलो."

तो गेला. धर्मेंद्रने तडक मळेवाल्याला फोन लावला.

"सँपल में मोती दिखाते हो और बाद में कचरा भेजते हो?"

"सर, वही माल है," पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला. "एक-एक दाना मेरी घरवाली हाथ से चुनती है."

"तो घरवाली को चश्मा दिलवाओ!"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "अब हम आपको माल नहीं भेजेंगे, सर."

फोन कटला. धर्मेंद्रला वाटलं होतं, बोलून मोकळं वाटेल. उलट त्या न पाहिलेल्या बाईला बोललो याची लाजच वाटली. वहीतली आलेखाची पानं त्याने टराटरा फाडली.

यशोदाबाई उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होती.

"कायले चिडून राहिला रे बाबू?"

"संपलं, माय. आता कॉफीचे दाणे येत नाहीत आपल्या घरी."

"नसन येत तं नसो. आता पुरतेत."

"काय पुरतेत?"

ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि आतल्या खोलीत गेली. तोही मागोमाग गेला. सहा वर्षांपूर्वी वडील वारले, तीन एकर धानाची बांधी ठेक्याने दिली, तेव्हापासून या खोलीत त्याचं फारसं येणं नव्हतं. धान साठवायच्या रिकाम्या ढोलीमागून यशोदाबाईने एक भलं मोठं मडकं पुढे ओढलं, तोंडावरचं फडकं सोडलं आणि वरची राख आणि कडुलिंबाचा वाळला पाला हाताने बाजूला सारला.

"तुह्या बाबाच्या माघारी या घरात पयल्यांदा बी आलं, बाबू," ती म्हणाली. "सातही खेपेचं टपोरं टपोरं पेराले काढून ठेवलं, तुले भाजाले उरलेलं देलं."