जावयाचा आग्रह

जावयाने मोठ्या हौसेने सासूसासऱ्यांना देशोदेशीचे द्राक्षमळे दाखवायला नेलं, आणि तिथेच सासरेबुवांची पंचाईत झाली. एके काळी ते दारूच्या पार आहारी गेले होते. वास लपवायला दाढेखाली लवंग धरून "दात दुखतोय" म्हणत घरात शिरायचे. मोठ्या मुश्किलीने सुटली होती. जावयाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "बाबा, ह्यांना कधी कळू देऊ नका," अशी लेकीने शपथच घातली होती.

प्रत्येक मळ्याच्या थंडगार तळघरात, लाकडी पिंपांच्या मधोमध, जावई स्वतः वाइनचा पेला भरून पुढे करी. नको म्हटलं की त्याला वाटे, सासरे लाजतायत. "बाबा, माझ्यापुढे कसला संकोच? घ्या हो!"

तो पाठमोरा झाला की सासूबाई नवऱ्याच्या हातातला पेला झटकन ओढून घेत आणि नाक मुरडत, कडू काढा प्यावा तसा एका दमात रिकामा करत. देश बदलले, डोंगर बदलले, आग्रह काही तसूभर कमी झाला नाही.

घरी परतून आठवडा झाला, तेव्हा कुठे सासरेबुवांच्या जिवात जीव आला. "अगं, एक थेंब पोटात गेला नाही. तुझ्यामुळे वाचलो बघ!"

ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. रोजच्यासारखी शेजारी येऊन बसली नाही.

"तोंडात काय आहे गं?"

 

"लवंग. दात दुखतोय हो."