ऐकून घेणारे साहेब

हिमानीने आधी टेबलावर विडा ठेवला. नरहर सरांनी तो खुशीत तोंडात घातला, गालाशी नीट बसवला, आणि मग तिने राजीनामा पुढे सरकवला.

सर बोलायला गेले आणि थांबले. विडा तंबाखूचा, गिळायची सोय नाही. थुंकायचीही नाही, ऑफिसातल्या पीकदाण्या त्यांनीच हटवल्या होत्या आणि बेसिनवर ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी लावून खाली सही ठोकली होती. शिवाय ताजा विडा असा टाकून देणारा माणूस अख्ख्या बनारसात सापडायचा नाही.

एरवी सरांपुढे कुणाचं वाक्य पुरं होत नसे. लखनौहून ‘ऐकून घेणारा नेता’ हे शिबिर करून आल्यापासून तर ते ऐकण्याचं महत्त्व तासभर सांगत आणि मध्ये कुणी बोललं की रागावत. हिमानीला ‘सर, मला’च्या पुढे कधी जाताच आलं नव्हतं.

आज ती पुढे गेली. यात्रा कंपनीतलं हे काम तिला फार आवडत होतं, सोडायचं मुळीच नव्हतं, पण आता सोसवत नव्हतं. सर परस्पर कार्यक्रम बदलतात, ठरलेली होडी पलीकडे रामनगरला पाठवून देतात, आणि पुण्याचे यात्रेकरू दशाश्वमेध घाटावर उन्हात तिच्या नावाने शंख करतात.

“काल एका आजींनी मला लबाड म्हटलं, सर. मी घरी जाऊन रडले.”

सरांनी मान हलवली. “हं,” म्हणाले. पुन्हा “हं.” त्यांचे डोळे भरून आले, थोडे तंबाखूने, थोडे खरोखरच. हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी राजीनामा फाडला, एका चिठ्ठीवर ‘चूक माझी. यापुढे तुम्हाला विचारूनच बदल’ असं लिहून दिलं आणि ते जिन्याकडे धावले.

मोकळ्या तोंडाने परतल्यावर त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि शिबिराचा कसा गुण आला ते पाऊण तास सांगितलं.

ते चालू असतानाच शेजारच्या टेबलावरचा कुणाल हिमानीच्या कानाशी लागला. “सरांनी ऐकलं कसं? मला पण सांगायचंय. पूरा, शुरू से.”

“उद्या जा,” हिमानी हसू दाबत म्हणाली. “पण विडा जोडपानाचा ने. तुझं गाऱ्हाणं लांबलचक आहे.”