विहिरीवरची राखण

वेणू आज आपल्या हातानं पेज प्यायली. सिस्टर दमयंतीनं खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. पेशंटसमोर रडणारी नर्स म्हणजे हसंच व्हायचं.

वेणू जासईची. मिठागरात राबणारी धडधाकट बाई, पण बाळंतपणात मूल गेलं आणि तिचं बोलणंच थांबलं. पनवेलच्या या लहानशा इस्पितळात तिला आणली तेव्हा नवरा बळीराम डॉक्टरांना म्हणाला होता, "सांजची इहिरीवर जायची, पन हंडा नाय न्यायची. आयेनं वलखलं. मंग आमी तिला एकटी सोरलीच नाय."

डॉक्टरांनी दमयंतीला बजावलं, "आपल्या मागच्या विहिरीपाशी ही दिसली, तर ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावी लागेल."

दमयंतीनं तिला जिवापाड जपलं. वेणी घातली, घास भरवले. वेणू नुसती भिंतीकडे बघत राही, तेव्हा दमयंतीला संताप येई. ती ओरडे, मग स्वतःचीच लाज वाटे. उत्तर येत नाही म्हटल्यावर ती वेणूला काहीबाही सांगू लागली. भाऊ आता दिवाळीला बोलवत नाही. आपल्या खोलीत पालसुद्धा टिकत नाही. असल्या थट्टेवर ती एकटीच हसे.

ड्यूटी संपली की दमयंती विहिरीच्या कठड्यावर जरा टेकायची. लगेच खोलीवर जाववत नसे. एका संध्याकाळी मागून पदर ओढला गेला. वळून बघते तर वेणू! दमयंती चटकन उठली. तिनं वेणूला हाताला धरून वॉर्डात नेलं. डॉक्टरांना मात्र सांगितलं नाही.

मग ते रोजचंच झालं. दमयंती कठड्यावर टेकते न टेकते, तोच वेणू पाठीशी हजर. कसली ओढ लागलीय हिला या विहिरीची, दमयंतीच्या मनात येई. आपण नेमके तिथं असतो म्हणून बरं.

वेणू आपल्या हातानं खाऊ लागली म्हणून डॉक्टरांनी तिला घरी सोडायचं ठरवलं, आणि चार दिवसांनी बळीराम बायकोला न्यायला आला. दमयंतीनं वेणूचं गाठोडं बांधलं. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. उद्यापासून बोलायचं कुणाशी?

"चल ना गो," बळीराम म्हणाला.

वेणू खाटेवरून उठेना. तिनं दमयंतीचा पदर मुठीत घट्ट धरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मी नाय येत. ही बाय रोज सांजची इहिरीवर जाते. तिच्या हातात पन हंडा नसतो."